गॉगलची पांढरी वर्तुळं

आमचे हे रंगारी. जुन्या भिंतीकडे नुसतं बघून तस्साच रंग मिसळून देतात, छटांची पट्टी लागत नाही की मशीन लागत नाही. लोक म्हणतात, "नजर असावी तर अशी!" आणि हे मान खाली घालून लाजल्याचं नाटक करतात. मला सगळं पाठ आहे.

तर यांच्या डाव्या डोळ्यात, नाकाच्या बाजूला, गुलाबी पापुद्रा वाढायला लागला. मी म्हटलं, "अहो, हे काय?"

"रंगाचा शिंतोडा असेल."

शिंतोडा काय इतके दिवस टिकतो? धरून नेलं डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. डॉक्टरबाईंनी दिवा मारून बघितलं. "उन्हाधुळीत वर्षानुवर्षं काम केलं की असं मांस वाढतं. अजून बुबुळावर आलेलं नाही. आलं तर धूसर दिसेल, ऑपरेशन करावं लागेल, आणि काढलं तरी पुन्हा वाढू शकतं. बाहेर काम करताना रुंद काठाची टोपी घाला, आणि अतिनील किरण अडवणारा गॉगल. नुसती काळी काच कामाची नाही. उन्हाळा संपला की दाखवायला या."

घरी आल्यावर हे जेवताना हळूच म्हणाले, "धूसर दिसलं तर मी रंग कसा ओळखणार गं?"

यांना दुसरं काही येतच नाही हो! साधा चहा केला तरी उतू घालवतात.

गॉगल घ्यायला गेलो, तर दुकानातल्या आरशासमोरून हटायला तयार नाहीत. असं बघ, तसं बघ, केसांवरून हात फिरव. पन्नाशी उलटली तरी हौस काही फिटत नाही. शेवटी तपकिरी काचेचा घेतला आणि रोज सकाळी तो लावून ऐटीत निघायला लागले. मी निर्धास्त.

एकदा हे कामावरून येऊन तोंड धुवत होते. टॉवेल द्यायला गेले आणि बघतच राहिले. चेहरा उन्हानं रापला होता, आणि डोळ्यांभोवतीही तितकाच.

"अहो, गॉगल घालता ना?"

"घालतो की!"

"घड्याळ काढा बरं."

काढलं. मनगटावर पांढरा पट्टा लख्ख. "घड्याळाखाली ऊन लागत नाही," मी म्हटलं, "मग गॉगलखाली कसं लागतं?"

पकडले गेले. म्हणे कोपऱ्यापर्यंत घालतात आणि मग खिशात. "त्यातून रंग खोटा दिसतो गं. शिवाय कामावरची पोरं हसतात."

"हसू देत. दात त्यांचे, डोळे तुमचे!"

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन मीच गेले बरोबर. पोहण्याच्या तलावाभोवतीच्या भिंतीचं काम होतं. निम्मी भिंत जुनी, फिकट सायीच्या रंगाची, आणि उरलेली तिच्यासारखीच करायची. मी पालथ्या बादलीवर ठाण मांडलं. समोर पाणी, खाली पांढऱ्या फरशा, उजेड वरून येई तसा खालूनही येई. कपाळावर हात धरून, डोळे बारीक करून मी यांच्यावर पहारा ठेवला.

हे हट्टाला पेटले. "घाल म्हणालीस ना? आता काढतच नाही!" रंगही गॉगल लावूनच मिसळला, भिंतही गॉगल लावूनच रंगवली.

संध्याकाळी तलावाचा मॅनेजर आला. भिंतीकडे बघितलं, यांच्याकडे बघितलं. "रंगारीबुवा, भिंतीला कावीळ झाली का हो?"

यांनी गॉगल काढला. बघितलं, जुन्या भिंतीशी ताडून पुन्हा बघितलं. निम्मी भिंत पिवळीधम्मक! आयुष्यात यांची छटा कधी चुकली नव्हती. मॅनेजर हसला, पण मला हसू येईना.

"बस झालं," हे म्हणाले आणि गॉगल रंगाच्या बादलीत फेकला. "डोळा गेला तर जाऊ दे. काम नाही जाऊ देणार मी."

"डोळ्याशिवाय काम करणार कशानं? मिशीनं?" मला रडू आलं, आणि रडताना मी जास्तच ओरडते. "रंग मिसळताना गॉगल काढा की! सावलीत मिसळा, थोडा पट्टा मारून वाळू द्या, बघा, आणि मग घाला. भिंत भरायला नजर कशाला लागते? हात लागतो!"

यांनी ब्रश निथळवून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "करड्या काचेतून रंग फारसे बदलत नाहीत, असं दुकानदार म्हणत होता."

"मग तपकिरी का घेतलात?"

"मला शोभत होता."

आता या माणसाला काय करावं?

करडा घेतला. रंग सावलीत, भिंत गॉगल लावून, डोक्यावर टोपी. थोड्याच दिवसांत डोळ्यांभोवती पांढरी वर्तुळं उमटली आणि पोरं यांना घुबडकाका म्हणायला लागली. हे रोज घरी आले की पदक दाखवावं तसा चेहरा पुढे करत. माझा काही विश्वास नव्हता. उन्हाळाभर मी बादलीवर बसून राहिले.

उन्हाळा सरल्यावर डॉक्टरबाईंनी बघितलं. "होतं तिथंच आहे. छान काळजी घेतलीत."

माझा जीव भांड्यात पडला. आता कौतुक करून घ्यावं म्हणून यांच्याकडे वळले, तर हे माझ्याकडे टक लावून बघत होते. छटा ओळखताना बघतात ना, तसे.

"डॉक्टर, हिचा चेहरा बघा. कपाळापासून हनुवटीपर्यंत एकसारखा रापलाय. वर्तुळं कुठे आहेत?"

"माझं काय काढताय? मी कुठे भिंती रंगवते?"

"रंगवत नाहीस. त्यांच्यासमोर बसतेस."

डॉक्टरबाईंनी मला खुर्चीत बसवलं, दिवा मारला. उजव्या डोळ्यात, नाकाच्या बाजूला, पिवळसर उंचवटा. "काही धोका नाही. पण ही उन्हाचीच खूण आहे. आता तुम्हीही सांभाळा."

मला वाटलं, आता हे हसणार. हे मात्र हसले नाहीत. स्वतःचा गॉगल काढून माझ्या नाकावर ठेवला, तो घसरला, तो धरून ठेवत म्हणाले, "माझं बघता बघता तुझं राहिलंच की गं."

घराच्या दाराशी आल्यावर हे म्हणाले, "करडा तुला शोभत नाही."

आत जाऊन यांनी कपाटातून तपकिरी गॉगल आणला. बादलीतून काढून, घासूनपुसून ठेवला होता. एका काडीवर पिवळा डाग तेवढा राहिला होता.