टाकीचा सुस्कारा

होडी पाण्याच्या मध्यावर आली आणि मोटर गचके खाऊन बंद पडली. कुणी दचकलं नाही. मुळशीच्या धरणात त्या जागी खाली जुनं देऊळ बुडालंय, असं दोन्ही काठांवर मानतात. दसऱ्यापासून मोटर तिथंच बंद पडत होती. बायांनी डोक्यावर पदर घेतले आणि नथूबुवा भगत उठून उभे राहिले.

"कुनी बोलायचं न्हाई. आई खाली झोपलीया. तिला आवाज सोसत न्हाई."

काठापासून इथवर मोटरीचा धडधडाट कसा काय सोसला, हे विचारायची सोय नव्हती. बुवांनी पेट्रोलच्या टाकीवरून नारळ ओवाळला, बरंच काही पुटपुटले आणि टाकीचं झाकण हळूहळू फिरवलं. स्स्स असा लांबलचक आवाज आला.

"ऐकलं? आई सुस्कारली. आता वाट देनार."

चिमूटभर अंगारा टाकीत पडला, झाकण गच्च बसलं. बहिरू होडीवाल्यानं दोन-चारदा दोरी ओढली आणि मोटर सुरू झाली. होडीतले सगळे हात जोडले गेले. माझे तेवढे मांडीवर राहिले, म्हणून शेजारची बाई माझ्यापासून थोडी सरकून बसली.

मी हेमलता, पलीकडच्या काठावरच्या उपकेंद्रातली नर्स. सन दोन हजार तीनच्या पावसाळ्यात माझी तिथं बदली झाली. एक खोली, औषधांचं कपाट आणि समोर पाणी. पाच वाजले की केंद्रात कुणी यायचं नाही. अंधार पडेपर्यंत मी पायरीवर बसून समोरच्या काठाकडं बघत राहायची. पहिले दोन महिने मला फार रडू यायचं, हे लपवत नाही. त्या दिवसांत एकटी बानूबाई यायची, कासंडीत शेळीचं दूध घेऊन. तीही एकटीच. नवरा गेलेला, मुलगा बिरू मेंढरं घेऊन देशावर. दोघी पायरीवर बसायचो. फार बोलायचो असं नाही.

दसऱ्यानंतर मोटर पहिल्यांदा बंद पडली, तेव्हा होडीत बानूबाई होती. नवरात्रात बुवांनी तिच्याकडं करडू मागितलं होतं आणि तिनं दिलं नव्हतं. बुवांनी होडीतल्या होडीत निवाडा केला: हिच्यामुळं आई वाट अडवते. तिला होडी बंद झाली. मोटर तरीही बंद पडायला लागली, तेव्हा बुवा म्हणाले, "काठावरनं नजर टाकतीया." मग तिला धक्क्यावर यायलाही मनाई झाली. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. दहा हातांवरची शेळी तिला आवाजावरून ओळखावी लागायची. तिची नजर म्हणे मध्य पाण्यापर्यंत पोचत होती.

ऑपरेशनसाठी मी तिचं नाव पौडच्या शिबिरात दिलं होतं. तारीख आली, माघातला शुक्रवार. ती चुकली तर पुढचं शिबिर वर्षानं. होडीशिवाय जायचं तर काठाकाठानं डोंगराची वाट, आणि आंधळ्या म्हातारीला ती झेपणारी नव्हती.

बुधवारी मी बहिरूला गाठलं.

"बहिरूभाऊ, मोटर शेवटची उघडून साफ कधी केली?"

"दसऱ्याला पूजा केली की."

"पूजा नव्हे, सफाई."

"त्येच की, बाई. खंडेनवमीला धुतली, फुलं वाहिली. बुवांनी सवता शेंदूर लावला. तवापासनं दर आवशेला नवा हात देत्यात."

माझे वडील घोटावड्यात पाण्याचे पंप दुरुस्त करायचे. मशीन बंद पडायची वाट बघू नये, चालू असतानाच उघडून बघावं, हे त्यांचं रोजचं बोलणं. मी बहिरूच्या टाकीकडं बघितलं. गोल झाकणावर तेलात कालवलेल्या शेंदराचे थरावर थर चढले होते. झाकण राहिलंच नव्हतं, देवीचा शेंदूर फासलेला गोटा, तांदळा झाला होता. होडी बंद पडायची तेव्हा टाकीच्या नळीतला रबरी फुगा चपटा झालेला मी दोनदा बघितला होता. तेव्हा अर्थ लागला नव्हता.

"उद्या मोटर काठावर काढा," मी म्हणाले. "तेलपाणी करू. आईचं काय ते मी बघते."

"बुवा वरडतील."

"होडीत माणसं किती उरलीत? गेल्या आठवड्यात आपण तिघं होतो."

तो बराच वेळ डोकं खाजवत राहिला. मग हो म्हणाला.

गुरुवारी सकाळी आम्ही पाण्यानं भरलेल्या पिंपात मोटरीचा पंखा बुडवला, मोटर लाकडी खुंट्याला बांधली. गाव जमलं, बुवाही आले. मी झाकणाला हात लावला नाही. "आहे तशीच चालवा," मी म्हणाले. मोटर सुरू झाली. पिंपातलं पाणी उसळत राहिलं. पाव तास झाला असेल, मोटरीनं गचके खाल्ले आणि ती बंद पडली.

"बुवा," मी विचारलं, "या पिंपाच्या खाली कुठलं देऊळ?"

"तिची नजर..."

"बानूबाई गावामागच्या टेकाडाआड शेळ्यांमागं आहे. सकाळीच गेली."

मी सगळ्यांना नळीतला चपटा फुगा हातानं चाचपायला लावला. मग झाकण सैल केलं. स्स्स. फुगा टम्म झाला.

"हा आईचा सुस्कारा नाही. बाहेरची हवा आत शिरतेय. पेट्रोल जसं संपतं तशी टाकीत हवा यावी लागते. त्यासाठी झाकणाला हे बारीक भोक असतं." मी चाकूनं शेंदूर खरवडला, भोकात सुई घातली. "ते शेंदरानं बुजलं. हवा नाही, म्हणून पेट्रोल ओढलं जाईना. काठावर पेट्रोल भरताना झाकण उघडायचं, तिथून मध्यापर्यंत पुरेल एवढाच दम टाकीत यायचा, म्हणून दर वेळी तीच जागा."

बुवा म्हणाले, "ह्यो इटाळ झाला. आई कोपंल."

"कोपली तर पहिली मला बघेल. पण बुवा, बंद पडलेल्या मोटरीचं दर वेळी नेमकं झाकणच उघडावं, हे तुम्हाला कसं सुचायचं?"

बुवांनी पिशवी उचलली. पहिल्या खेपेला त्यांनाही कळलं नसेल, असं मी मानते. पुढच्या खेपांचं तसं मानता येत नाही.

मग बहिरूनं मोटरीचा प्लग काढून घासला, गिअरचं काळं तेल बदललं, गाळणीतून मूठभर अंगारा निघाला. दुपारी मोटर पिंपात तासभर न थांबता चालली.

शुक्रवारी होडी भरली. बानूबाई पुढच्या फळीवर बसली. मध्यावर आलो तेव्हा सगळे श्वास रोखून मोटरीकडं बघत होते. मोटर चालत राहिली. देवळाची जागा मागं पडली. कुणीतरी हसलं, कुणी बहिरूची पाठ थोपटली. बानूबाईच्या फळीवर मात्र दोन्ही बाजूंना जागा मोकळीच होती. काल सगळं डोळ्यांनी बघितलेली माणसं मागं दाटीवाटीनं बसली होती. मी उठून तिच्या शेजारी बसले.

"चालली व्हय गं मोटर?" तिनं विचारलं.

"चालली. झाकणाचं भोक बुजलं होतं."

"एवढंच व्हतं? चार म्हयने तुज्याबिगर माज्यासंगं कुनी बोललं न्हाई, बाय. शेळ्यांशी बोलायची मी."

मी तिचा हात धरून बसले.

वाचकहो, तुमच्याकडंही यंत्रं असतील. खंडेनवमीला त्यांना फुलं जरूर वाहा, पण आधी उघडून साफ करा, तेल घाला, भोकं मोकळी ठेवा. आणि काही बंद पडलं, तर माणसाकडं बोट दाखवण्याआधी झाकण तपासा. सुईला एक मिनिट लागतं. बानूबाईचे डोळे पौडला चांगले झाले. आता होडीत तिच्या शेजारची जागा कोण टाळतं, ते तिला स्पष्ट दिसतं.