जिवंत बापाचा पुरसा

अकोल्याची गजाला ओढण्यांसाठी नक्षी काढायची. संत्र्याच्या फुलांची नवी नक्षी चार लोकांनी पाहावी म्हणून तिनं आपलं इन्स्टाग्रामचं पान अमरावतीच्या शिवमच्या हाती दिलं. हा स्वतःला ‘ब्रँड गुरू’ म्हणवणारा दीडशहाणा. त्यानं ओढणीच्या फोटोखाली लिहिलं, ‘आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या लेकीची कला.’

गजालाचा बाप अय्युब शिंपी होता. त्यानं जन्मात नांगर धरला नव्हता. दुसऱ्या दिवशी वलगावची खाला, म्हणजे गजालाची मावशी, रडत-भेकत पुरसा द्यायला, दुखवट्याचं सांत्वन करायला आली, तर दार अय्युबनंच उघडलं.

“आपा, मैं तो जिंदा हूं!”

गजालानं शिवमला फोन लावला. “माह्या बापाले कावून मारलं रे?”

“ताई, हजारो लाईक येऊन राहिले! आपल्या इकडचं दुःखच खपते.”

“मंग तुह्या बापाले मार अन् वीक!”

तिनं पान परत घेतलं आणि ओढणी खांद्यावर टाकलेल्या अय्युबचा फोटो टाकला. खाली लिहिलं, ‘हा माझा बाप. शिंपी आहे आणि जिवंत आहे. नक्षी आवडली तर बोला.’

हळहळणारी गर्दी पळाली. त्यातल्या एकानंही नक्षीकडे पाहिलं नव्हतं. संध्याकाळी संत्र्यांच्या बागांसाठी प्रसिद्ध वरूडच्या एका बाईनं फोटोखाली विचारलं, “ही संत्र्याचीच फुलं ना?”