शवपेटी टेकवायचा दगड

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. सपाट, लांबट, माणसाच्या उंचीचा. दगडाला राग येत नाही असं तुम्हांला वाटत असेल, तर ते आधी डोक्यातून काढून टाका. मला राग आला आहे आणि गेल्या शनिवारपासून तो उतरलेला नाही.

आमचं बेट स्कॉटलंडच्या पश्चिमेला आहे. त्याच्या पूर्व किनाऱ्यावर नुसता खडक. तिथे बटाटे कसेबसे निघतात, पण माणूस पुरण्याइतकी खोल माती नाही. म्हणून पूर्वेकडचं कुणी वारलं की आठ जण शवपेटी खांद्यावर घेऊन खिंड ओलांडायचे आणि पश्चिमेच्या वाळूत पुरायचे. पेटी वाटेत जमिनीला टेकवायची नाही, अशी रीत होती. म्हणून चौघांनी मला ओढ्यातून पहारींनी ढकलत आणलं आणि अर्ध्या चढणीवर बसवलं.

पेटी माझ्यावर ठेवली की खांदेकरी बदलायचे. घोटभर व्हिस्की आणि ओटची भाकरी व्हायची. भांडणंही व्हायची. डोक्याकडची बाजू कुणी धरायची यावरून दोन भावांनी आईची पेटी तासभर पावसात माझ्यावर ठेवली होती. निघताना मात्र प्रत्येक जण माझ्याशेजारच्या दगडांच्या ढिगात एक दगड ठेवायचा. त्यावर नाव नसायचं. पण कुणासाठी कोणता ठेवला, ते घरच्यांना ठाऊक असायचं. मलाही.

मग रस्ता झाला, शववाहिनी आली. माझ्यावर शेवाळ चढलं. मेंढ्या अंग घासायच्या, तेवढीच सोबत. पुढे इतिहासाची आवड असलेल्या मंडळींनी माझ्याशेजारी पाटी लावली. सुट्टीच्या दिवशी लोक डबे घेऊन येऊ लागले. "केवढा जुना!" म्हणत मला थोपटू लागले. खरं सांगतो, मला ते आवडलं.

गेल्या वर्षी खालच्या गावातल्या टॉर्मॉडची बायको पेगी वारली. खांदा द्यायला गावात आठ माणसं उरली नव्हती, म्हणून तिला गाडीनं नेलं. दुसऱ्या दिवशी तो एकटा चढून आला. पेगी पिंपात हेरिंग मासे खारवायची. त्या पिंपाच्या झाकणावर ती जो दगड ठेवायची, तो त्याने कोटाखाली धरून आणला होता. साधा, करडा, पावाएवढा. तो ढिगावर ठेवून म्हणाला, "घे. गाडीत बसवून पाठवलं म्हणून रागावली असशील." तेव्हापासून तो दर शनिवारी यायचा आणि त्या दगडावर हात ठेवून बसायचा.

गेल्या शनिवारी बारा जणांची सहल आली. पुढे लॉकहार्टबाई, मुख्य भूमीवरच्या निवृत्त शिक्षिका. त्यांनी पाटी वाचून दाखवली. छान वाचली. मग म्हणाल्या, "मृतांच्या सन्मानासाठी प्रत्येकाने या ढिगातला एकेक दगड डोंगरमाथ्यावर न्यायचा!" आणि नेले, माथ्यावरच्या मोठ्या ढिगात टाकले. परत येऊन सगळे माझ्यावर सँडविच खात बसले, तेवढ्यात टॉर्मॉड आला.

"इथला दगड कुठाय?"

"कोणता हो, काका?" सहलीतला एक लाल टोपीवाला म्हणाला. "दगड काय, डोंगरभर पडलेत."

"मग डोंगरभरचे घ्यायचे होते की! माझ्या बायकोचाच सापडला?"

खाणं थांबलं. लॉकहार्टबाई उठल्या. "आम्ही अगदी आदराने नेले हो."

"बाई, तुमच्या आईच्या थडग्यावरचा दगड मी आदराने उचलून नेला, तर चालेल?"

माथा इथून तासाभराच्या चढावर, आणि टॉर्मॉडचे गुडघे माझ्यापर्यंतच साथ देतात. बाईंना ते दिसलं असावं. "मी आणते," त्या म्हणाल्या. "खूण सांगा."

"खूण कसली? तीस वर्षं मिठाच्या पाण्यात होता. चाटून बघा."

लाल टोपीवाला हसला. बाई म्हणाल्या, "हसतोस काय, ऊठ!" आणि त्याला घेऊन वर गेल्या. मला इथून दिसत होतं. दोन शिकलीसवरली माणसं वाकून दगड चाटत होती. एरवी मलाही हसू आलं असतं. पण माथ्यावर समुद्राचा वारा असतो, मित्रांनो. तिथला प्रत्येक दगड खारट लागतो.

त्या तीन दगड घेऊन उतरल्या. ओठ फाटले होते. "यातला एक असेल ना?" त्यांनी विचारलं.

टॉर्मॉडने तिन्ही हातात घेतले. बराच वेळ घेतला. मग मधला ढिगावर ठेवला. "हा."

"सापडला!" बाईंना रडू फुटलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि सहल आनंदाने खाली गेली.

तो पेगीचा नव्हता. मी वर्षभर त्याच्या शेजारी होतो, मला कळणार नाही? टॉर्मॉडलाही कळलं होतं. सगळे गेल्यावर तो माझ्यावर बसला, पण त्या दगडावर त्याने हात ठेवला नाही. या शनिवारी तो आलाच नाही.

म्हणून सांगतो, मित्रांनो. या, माझ्यावर बसा, पोटभर खा, पाटी वाचा. कुणाची आठवण ठेवायची असेल, तर खालच्या ओढ्यातून आपल्या हातांनी एक दगड आणा. दमा, मला शिव्या द्या, मग ठेवा. पण ढिगाला हात लावू नका. तुम्हांला जो नुसता दगड दिसतो, तो कुणाला तरी पुन्हा मिळणार नसतो.