चिलखत विकणे आहे

मी एक जुने चिलखत आहे, मित्रांनो. पण कुठल्या गडावर सापडलेले नाही, की कुठल्या सरदाराच्या अंगावर लढलेलेही नाही. माझा जन्म मीरा रोडला, चौथ्या मजल्यावरच्या वन रूम किचनमध्ये झाला. रात्रीची ताटे उचलली की जी जागा मोकळी होई, तेच माझे जन्मस्थान.

मला घडवले दशरथ यांनी. ते मूळचे महाडकडचे, भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात फिटर होते. दर रविवारी त्यांचे मित्रमंडळ मोरव्याच्या मैदानात जमे आणि वेताच्या ढाली, लाकडी तलवारी घेऊन जुन्या काळासारखे लढे. कुणाकडे ढाल होती, कुणाकडे शिरस्त्राण होते. चिलखत मात्र कुणाकडेच नव्हते. मग दशरथांनी कुंपणाची तार आणली, गजावर गुंडाळून तिची स्प्रिंग केली आणि ती कापून कड्या पाडल्या. एक कडी उघडायची, शेजारच्या चार कड्यांत ओवायची, पकडीने मिटवायची. पुन्हा दुसरी.

महिनाभरात छातीचा जेमतेम वीतभर तुकडा झाला. शेजारी मटार सोलत बसलेल्या त्यांच्या पत्नीला, हंसाताईंना, ते बघवेना.

"अहो, या चालीने लेकीच्या लग्नापर्यंत व्हायचं नाही हे. द्या एक पकड इकडे."

खरे सांगू? हंसाताईंनी मिटवलेल्या कडीला सुताचा धागाही अडकत नसे. माझा गळा आणि दोन्ही बाह्या त्यांच्याच हातच्या.

दोन दिवाळ्या गेल्यावर मी पुरा झालो. दशरथ मला खांद्यावर टाकून पहिल्यांदा मोरव्याला गेले, तेव्हा मैदानालगतच्या कोळी आळीत दारात बसलेल्या विमलाबाईंनी हाक मारली, "कुठं चाललास रं? ही जाली दर्यान टाकाची हाय का आंगान घालाची?" सगळी आळी हसली. पण त्याच संध्याकाळी दशरथांच्या खांद्यावर तलवारीचा सणसणीत फटका बसला, माझ्या कड्या छन्न वाजल्या आणि दशरथ जागचे हलले नाहीत, तेव्हा त्याच आळीने टाळ्या वाजवल्या. पुढे काही वर्षे शिवजयंतीच्या मिरवणुकीत माझा फार मान असे. मुले मला हात लावून पळत. घरी आल्यावर हंसाताई मला कोरड्या फडक्याने पुसत आणि तेलाचा हात फिरवत.

पण मित्रांनो, मंडळे कायमची नसतात. कुणाची बदली झाली, कुणी वसईला घर घेतले. दशरथांचा खांदा दुखू लागला आणि डॉक्टरांनी वजन उचलायला बंदी घातली. मला एका गोणत्यात भरून माळ्यावर टाकले. खाडीचे खारे वारे खिडकीतून येत आणि जिथे माझा जस्ताचा मुलामा उडाला होता, तिथे गंज धरू लागला. काखेतल्या चार-दोन कड्या तुटल्या. माझ्याच वजनाने माळ्याची फळी वाकली.

"एक तर हे खाली येणार, नाहीतर माळा," हंसाताई म्हणाल्या.

शेवटी दशरथांनी नाक्यावरच्या किराणा दुकानात कागद लावला : 'वापरलेले चिलखत विकणे आहे.'

पहिला आला भंगारवाला. त्याने मला न बघताच तराजूचा आकडा वर धरला. मी गोणत्यात शहारलो. तार वितळली की तिला आपण कोण होतो हे आठवत नाही. पण दशरथांनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवले.

मग आले शेजारच्या बिल्डिंगमधले आत्माराम. त्यांना गणपतीतल्या नाटकात सेनापती व्हायचे होते. माणूस मोठा हौशी आणि पोटानेही मोठा. हात वर करून ते माझ्यात शिरले खरे, पण मी पोटावर येऊन थांबलो. ना खाली, ना वर.

"दशरथभाऊ, दम कोंडतोय!"

दशरथ ओढू लागले, तसे आत्माराम अजूनच ओरडू लागले. तेवढ्यात हंसाताई पोळपाट टाकून धावल्या. "ओढू नका! भाऊजी, वाका. हात जमिनीकडे सोडा आणि अंग झटका!" आत्माराम ओणवे झाले, ओल्या कुत्र्यासारखे अंग झाडू लागले आणि मी त्यांच्या डोक्यावरून सळसळत फरशीवर कोसळलो. त्यांचा चष्मा आणि डोक्यावरचे चार केसही माझ्याबरोबर आले.

खालच्या मजल्यावरून आवाज आला, "भाभी, क्या गिरा?"

"सेनापती गिरा!" हंसाताई म्हणाल्या आणि आत्माराम सोडून सगळे हसले. मग तेही हसले.

त्यानंतरच्या रविवारी सुरुची मॅडम आल्या. पेणकरपाड्याच्या एका शाळेत त्या खेळ शिकवत आणि सुटीच्या दिवशी मुलींना लाठी, तलवार शिकवत. त्यांनी मला उजेडात धरले, तुटक्या कड्या बोटांनी शोधल्या, मग अंगात घालून कमरेला ओढणी घट्ट आवळली.

"असं बांधलं की वजन खांद्यावरून कमरेवर येतं."

दशरथ आपला दुखरा खांदा चोळत बघत राहिले. "हे आधी कळलं असतं तर!"

"मी म्हणत नव्हते, कमरेला काहीतरी बांधा?" हंसाताई म्हणाल्या. "तेव्हा म्हणालात, चांगलं दिसत नाही."

सुरुची मॅडमनी त्यांच्याकडे वळून पाहिले. "वहिनी, या बाह्या तुम्ही विणल्यात ना? मग तुम्ही कधी घालून बघितलंत?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलेच नव्हते. दशरथांनीही नाही, आणि खरे तर मलाही कधी सुचले नव्हते.

हंसाताईंनी पदर खोचला, हात वर केले आणि मी त्यांच्या अंगावर उतरलो. माझा गळा त्यांच्या गळ्याला अगदी नेमका बसला. त्या कपाटाच्या आरशासमोर उभ्या राहिल्या, एकदा डावीकडे वळल्या, एकदा उजवीकडे.

दशरथ हळूच म्हणाले, "अगं, नकोच विकायला. तुलाच शोभतंय."

मी मनातून नाचलो. पण हंसाताईंनी मान हलवली. "पुन्हा त्या गोणत्यात ठेवायला? विकायचंय, आणि ते मॅडमनाच. मी येईन रविवारी. मलाही शिकायचंय."

तसेच झाले. पेणकरपाड्याच्या शाळेच्या पटांगणात मुली मला पाळीपाळीने घालतात आणि हंसाताईंचीही पाळी असते. पहिल्याच दिवशी सुरुची मॅडमचा फटका त्यांच्या खांद्यावर बसला. त्या क्षणभर गोंधळल्या. कठड्यावरून दशरथ ओरडले, "ढाल वर! अगं, ढाल वर!"

"तुम्ही गप्प बसा हो!" असे म्हणत त्यांनी जो उलटा वार केला, त्याने मॅडमच्या हातची तलवार उडाली.

म्हणून सांगतो, मित्रांनो, घरातली जुनी वस्तू विकायची असेल तर खुशाल विका, आम्हाला राग नाही. मात्र जो वापरणार असेल त्यालाच द्या. आमचा घाम पुसा, आम्हाला कोरडे ठेवा, अधूनमधून तेल लावा. आणि आम्हाला माळ्यावर टाकण्याआधी, ज्याच्या हातांनी आम्ही घडलो, त्या माणसाला एकदा तरी विचारा, 'तुला घालून बघायचंय का?'