लुबिनने आईला उतरवले तेव्हा

मित्रांनो, सुफ्रियेर या बेटावरच्या गावी, किनाऱ्याच्या काळ्या वाळूवर पालथी पडलेली ती जुनी होडी मीच. माझा रंग उडाला आहे, बुडाला चीर गेली आहे. पण मला लाज वाटते ती त्याची नाही.

डोंगरातल्या एका थोरल्या झाडाच्या खोडातून पॉलिनस कोळ्याने मला कोरले. पोटात पाणी भरून त्यात तापलेले दगड टाकले, की लाकूड मऊ पडून कडा रुंदावतात. ते दगड जाळातून काढून आणायची त्याची बायको इग्नेशिया. तिच्या हातांवर अजून डाग आहेत. पुढे पॉलिनस वारला आणि माझी वल्ही त्यांच्या मुलाच्या, लुबिनच्या, हाती आली.

मासे कमी झाले, बेट बघायला येणारे परदेशी पाहुणे वाढले. लुबिनने मला निळापिवळा रंग दिला, फळ्यांवर गाद्या घातल्या. पाहुण्यांना घेऊन मी समुद्रातून वर आलेल्या दोन डोंगरसुळक्यांच्या पायथ्याशी आणि गरम झऱ्यांच्या वाटेपर्यंत जाऊ लागले. लोक माझे फोटो काढत. खोटे कशाला सांगू, मी फुशारून गेले होते.

एका सकाळी इग्नेशिया नीरफणसांची टोपली घेऊन माझ्यात येऊन बसली. तिला पलीकडच्या खाडीत लेकीकडे जायचे होते. तेवढ्यात पाहुणे आले. त्यांच्यातल्या एका बाईंनी विचारले, "या कोण? आपल्याबरोबर येणार आहेत का?"

लुबिनने आईकडे पाहिले नाही. "गावातली कुणीतरी आहे," तो म्हणाला. "उतरतेय आत्ता."

इग्नेशिया उतरली. टोपली डोक्यावर घेत म्हणाली, "सुळक्यापाशी पाण्याला ओढ आहे आज. जपून न्या, साहेब."

पोटच्या पोराला ती साहेब म्हणाली. आणि उन्हात डोंगराची वाट चढू लागली.

त्या दिवशी पाहुणे झऱ्यावरून गंधकाचा चिखल अंगाला माखून हसत परत आले. त्यांनी माझ्या रंगाचे कौतुक केले. मला तर तळाशी जाऊन पडावेसे वाटले. जिने माझ्यासाठी हात भाजून घेतले, तिलाच माझ्यात जागा नव्हती.

रविवारी ती धक्क्यावर दिसली. मी पाहुण्यांनी भरलेली होते. लुबिनने मला वळवले, हात धरून आईला आत घेतले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "ही माझी आई. आधी हिला लेकीकडे सोडायचंय."

इग्नेशिया पदर सावरावा तसा झगा सावरत बसली. "आज आहे," ती म्हणाली. "त्या दिवशी नव्हते."

लुबिनने मान खाली घातली आणि वल्हे मारत राहिला.

मित्रांनो, मला रंग दिला नाहीत तरी चालेल, पण चारचौघांत आपल्या माणसाची ओळख द्यायला कचरू नका. इग्नेशिया त्यानंतरही माझ्यात बसत असे. पण पहिल्यासारखी मागे टेकून नाही. कडेला, आत्ता उतरायला सांगतील अशी.