लाइलच्या जागी

"आई, माझ्या जागी तूच उभी राहा. दुसरं कुणी नको मला. लग्न लावणारा विचारेल तेव्हा माझं नाव घे आणि हो म्हण, झालं."

फोनवर लाइलने एवढंच सांगितलं. मागून कुणी तरी हाक मारली तसा तो घाईने गेला. पण त्याचा आवाज मार्ना टॉरसनच्या कानात दिवसभर घुमत राहिला, भांडी घासतानाही आणि कोंबड्यांना दाणे टाकतानाही.

लाइल लष्करात होता, समुद्रापलीकडे. जूनमध्ये येऊन लग्न करायचं ठरलं होतं, ती सुट्टी रद्द झाली. इकडे त्याच्या होणाऱ्या बायकोच्या, शेलबीच्या पित्ताशयात खडे झालेले. ऑपरेशन लांबवायला डॉक्टर तयार नव्हते. जवानाची बायको झाली तर उपचाराचा खर्च लष्कराच्या विम्यातून होणार होता. आणि मॉन्टाना राज्यात जवानाच्या जागी दुसऱ्या कुणाला उभं करून लग्न लावता येतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मार्नाच्या मनाला ते रुचत नव्हतं. शेलबी हमरस्त्यावरच्या खानावळीत वाढपाचं काम करायची, एक काडीमोड झालेली, तोंडाने फटकळ. "ती लग्न लाइलशी करतेय की विम्याशी?" असं मार्ना बहिणीपाशी बोलून गेली होती. त्याबद्दल तिने देवाची क्षमाही मागितली, पण शंका काही हटली नाही. रोज सकाळी गुडघे टेकून प्रार्थना केल्याशिवाय ती कॉफीचा घोटही घेत नसे. त्याच तोंडाने, मनात नसलेली शपथ देवाला साक्षी ठेवून कशी घ्यायची? आणि नाही घेतली, तर लाइलला काय सांगायचं?

चर्चच्या पाद्रीबाबांनी हात वर केले. "वर आणि वधू दोघंही वेदीपुढे हवेत, मार्नाताई. आमच्यात तसा रिवाज नाही."

मग राहिले बेकस्ट्रँड. पूर्वी ते छोट्या कोर्टात न्यायाधीश होते. आता गुरांच्या बाजारात लिलाव पुकारायचे आणि कुणी बोलावलं तर लग्नंही लावायचे. मार्नाने फोन लावला.

"नवरामुलगा येणार का?"

"नाही."

"नवरी?"

"ती येईल."

"मग माझं निम्मं काम वाचलं! शुक्रवारी या, लिलावाच्या आधी. आणि लग्नाचा परवाना घेऊन या बरं का, त्याशिवाय मी तोंड उघडत नाही."

परवान्यासाठी दोघी कोर्टात गेल्या. लाइलने सही करून पाठवलेलं संमतीपत्र कारकून बाईंनी नीट वाचलं आणि चष्म्यावरून मार्नाकडे पाहिलं. "म्हणजे नवऱ्याच्या जागी सासूबाई? छान! लग्नानंतर भांडायला वेगळं कुणी शोधायला नको." मग शेलबीकडे वळून विचारलं, "आधीचं लग्न?"

"झालं होतं. मोडलं." शेलबीने आवाज जराही खाली आणला नाही. "तो दारू पिऊन मारायचा. मी दोन वर्षं सोसलं, मग निघाले. घटस्फोटाचा हुकूमनामा आणलाय."

मागे रांगेत दोन ओळखीची माणसं उभी होती. मार्नाचेच कान तापले. पण मुलीने लपवालपवी केली नाही, हे तिच्या मनात नोंदलं गेलं.

शुक्रवारी बाजाराच्या उपाहारगृहात मागच्या बाजूला बेकस्ट्रँडनी टेबल पुसून घेतलं. साक्षीला स्वयंपाकीण आणि एक ट्रकवाला. भिंतीपलीकडे वासरं हंबरत होती. शेलबी निळ्या झग्यात आली होती, चेहरा पिवळट, एक हात बरगडीखाली दाबलेला.

"मुलगा स्वखुशीने लग्न करतोय ना?" बेकस्ट्रँडनी मार्नाला विचारलं.

"हो. त्याबद्दल मला शंका नाही."

त्यांनी घसा साफ केला आणि लिलावाच्या सवयीने असे सुसाट सुटले, की ट्रकवाल्याने टोपी सावरली.

"जरा सावकाश," मार्ना म्हणाली. "गाय विकत नाही आहोत आपण."

ते ओशाळून हसले आणि पुन्हा सुरू झाले. "लाइलच्या वतीने माझ्यामागून म्हणा. सुखात आणि दुःखात."

"सुखात आणि दुःखात."

"आजारपणात आणि धडधाकट असताना मी तुला साथ देईन."

मार्नाचे ओठ हलले, पण शब्द फुटेना. स्वयंपाकीण हातातल्या फडक्याशी चाळा करू लागली.

"ते वाक्य गाळा," शेलबी म्हणाली.

"का गं?" बेकस्ट्रँडनी विचारलं.

"त्यांना ते जड जातंय. मिसेस टॉरसन खोटं बोलत नाहीत, लाइलने सांगितलंय मला. माझ्यापायी कशाला बोलायला लावता?" मग ती मार्नाकडे वळली. "एवढ्यावरही लग्न लागतं ना? मग पुरे. दवाखान्यात मी एकटी जाईन, सवय आहे मला."

बेकस्ट्रँड म्हणाले, "कायद्याला तसं चालतं. फक्त हो म्हटलंत तरी बास."

मार्नाने शेलबीकडे पाहिलं. या पोरीला आज ज्या वाक्याची सगळ्यात जास्त गरज होती, नेमकं तेच ती सोडायला निघाली होती, आणि तेही मार्नाला पाप लागू नये म्हणून. विम्यासाठी लग्न करणारी बाई असं करेल?

"गाळू नका," मार्ना म्हणाली. "पुन्हा सांगा."

त्यांनी सांगितलं. मार्नाने शब्द न् शब्द म्हटला, अगदी सावकाश, आणि शेलबीचा गार हात शेवटपर्यंत धरून ठेवला.

"अहो, तुम्ही तर नुसतं तोंड उसनं दिलंत," सह्या होताना बेकस्ट्रँड तिला हळूच म्हणाले. "शपथ पोराची आहे. मनावर घेऊ नका."

"शब्द ज्याच्या तोंडून निघाले, त्यालाही लागू होतात," मार्ना म्हणाली आणि पेन ट्रकवाल्याकडे सरकवलं.

ऑपरेशन मंगळवारी ग्रेट फॉल्स शहरात होतं. शेलबीने बसचं तिकीट काढलं होतं. ते तिने मार्नाला सांगितलं नव्हतं, मार्नाने खानावळीत विचारून काढलं होतं.

मंगळवारी उजाडताना मार्नाने प्रार्थना केली, कॉफी घेतली. कोंबडीच्या गरम रस्स्याचा थर्मास, लोकरीची शाल आणि आपले दोन कपडे पिशवीत भरले. शेजारणीला कोंबड्या बघायला सांगितलं. मग काचेवरचं गोठलेलं दव खरवडून गाडी सुरू केली आणि बस सुटण्याआधी शेलबीच्या दारात पोचावं म्हणून गावाच्या दिशेने वळवली.