सतरा पावलांची वाट

या भाच्याला सांगून सांगून माझी खडी झिजली, पण ऐकेल तर शपथ. संध्याकाळ झाली की येतो, कमरेत वाकतो आणि दिवसभरात हललेला एकेक गोटा उचलून पुन्हा आपल्या जागी बसवतो. मग लांब उभा राहून बघतो, जणू कपाटात कपबश्या मांडल्यात.

मुलांनो, मी एक जुनी वाट आहे. मित्रांनो म्हणायची पद्धत आहे खरी, पण माझ्या वयाला ते शोभायचं नाही. मी कुठून कुठे जात नाही. कृत्रिम पाय बनवणाऱ्या कारखान्याच्या मागच्या अंगणात, भिंतीपासून नळापर्यंत, सतरा पावलांत मी संपते. आधी खडी, मग वाळू, मग तिरका उतार, आणि शेवटी नदीतले लहानमोठे गोटे. सपाट फरशीवर नवा पाय कुणीही मिरवेल. त्याची परीक्षा माझ्यावर.

मला मामांनी घडवलं. मामा म्हणजे इथले जुने मिस्त्री. दर सोमवारी सकाळी ते दाताळं घेऊन यायचे आणि मला उलटीपालटी करून टाकायचे. काल वर असलेला गोटा आज खाली, वाळूत आज इथे खळगा तर उद्या तिथे. माझं अंग ठणकायचं, मी कुरकुरायचे. पण येणारा प्रत्येक जण माझ्यावर बिचकत पाऊल टाकायचा, मला शिव्या द्यायचा, आणि नळापाशी पोचला की घाट उतरून आल्यासारखा वळून बघायचा. तेव्हा मला मान होता.

मग मामांचे गुडघे गेले. लोकांचे पाय करता करता स्वतःचे राहून गेले. त्यांच्या जागी सख्खा भाचा आला. शिकलेला, मऊ बोलणारा, वहीशिवाय पाणीही न पिणारा. वाईट नाही. त्याचं म्हणणं असं की, आज एक पाय तपासला, उद्या दुसरा, आणि मधेच जमीन बदलली तर कोणता बरा ते कळणार कसं? त्यानं माझे गोटे सिमेंटात बसवले आणि प्रत्येकावर पांढऱ्या रंगानं नंबर घातला. जन्मात पहिल्यांदा विश्रांती मिळाली, पण ती प्लॅस्टरात पडल्यासारखी.

तशात नर्सबाई आल्या. टेकडीवरच्या वस्तीत घरोघर जाऊन बाळंतिणी आणि तान्ही मुलं बघायचं त्यांचं काम. अपघातात त्यांचा डावा पाय घोट्याच्या वरून गेला. महिनाअखेर टेकडी चढता आली तर काम तुमचं, नाहीतर खाली दवाखान्यात नोंदवही सांभाळा, असं त्यांना वरून सांगितलं होतं. नोंदवहीला कधी ताप येत नाही, मग तिच्यापाशी बसून मी काय करू, असं त्या भाच्याला विचारायच्या.

पहिल्या दिवशी त्या माझ्यावर दोनदा थांबल्या. चौथ्या दिवशी माझ्यावरून चालता चालता भाच्याच्या लग्नाची चौकशी करत होत्या. अकरा नंबरचा गोटा जरा वर आलेला, तिथे न बघताच त्यांचं पाऊल आखूड पडायचं. मी मनात म्हटलं, बाई, हे चालणं नव्हे, हे पाढे म्हणणं आहे. भाचा मात्र खूष. पाय उत्तम, असं त्यानं वहीत लिहिलं.

फाटकाबाहेर रस्त्याच्या कामाची खडी टाकलेली होती. तोच पाय घालून बाई बाहेर निघाल्या आणि पाचव्या पावलाला पडल्या. मनगट मुरगळलं. ते धरून त्या परत आल्या आणि नळाच्या कट्ट्यावर बसल्या. इथे तर तुम्ही एकदाही अडखळला नाहीत, असं भाचा पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

"इथले दगड ओळखीचे झालेत हो," त्या म्हणाल्या. "बाहेरचे कुठे ओळख देतात."

दुसऱ्या दिवशी मामा काठी टेकत आले. अकरा नंबरवर काठी आपटून म्हणाले, "हा गोटा मेला कधी रे?" आणि चहा न घेता गेले.

भाच्यानं छिन्नी-हातोडी घेऊन दोन दिवस स्वतः सिमेंट फोडलं. सुट्या गोट्यांवरून बाई चालल्या तेव्हा कुठे त्याला दिसलं की त्यानं केलेला तळवा फळीसारखा एकसंध आहे. एका कडेखाली दगड आला की सगळा तळवा कलतो आणि त्याच्याबरोबर बाई. त्यानं तळव्याच्या पुढच्या भागाला मधोमध चीर दिली. म्हणजे अर्धा दगडावर चढला तरी उरलेला अर्धा जमीन सोडत नाही. टाच मऊ केली. फार मऊ झाली, पुन्हा केली. बाई दमल्या, भाचा दमला, माझं तर विचारूच नका. इतकं होऊनही संध्याकाळी हा गोटे नंबराप्रमाणे लावणारच. सिमेंट गेलं, खोड गेली नाही.

आज महिन्याचा शेवटचा दिवस. सकाळी बाई आल्या. अकरा नंबरचा गोटा त्यांच्या पायाखालून सरळ घरंगळला. तळव्याची चीर फाकली, बाई झुलल्या, मुलांसमोर सांगता येणार नाही असा एक शब्द बोलल्या, आणि उभ्या राहिल्या. मग नळापाशी न थांबता फाटकाबाहेर गेल्या. खडीवर करकर वाजत राहिली, मधे थांबली, पुन्हा सुरू झाली आणि टेकडीच्या बाजूला विरून गेली.

भाचा बराच वेळ फाटकात उभा होता. परत आला, बाहीनं डोळे पुसले, आणि सवयीनं वाकून अकरा नंबरचा गोटा उचलला.

माझं बोलणं त्याला खडीच्या करकरीसारखंच ऐकू जात असेल. तरी मी मोठ्यानं म्हणाले, "ठेव तो खाली, भाच्या. जिथे पडला तिथेच. तो सरकला म्हणून बाई टेकडीवर गेल्या. मला नीटनेटकी ठेवू नकोस, जिवंत ठेव. परवा सोमवार आहे. दाताळं आण."